शिवला की शिववला?

२० जानेवारी. मांडीवर परात घेऊन हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. अर्धे सोलून झाले आणि इंदूरहून श्रीकांतचा फोन आला. श्रीकांत माझा मामेभाऊ. त्याचे वडील, म्हणजे माझे नानामामा, जाऊन आठवडा झाला होता. भरपूर वय झालं होतं, झोपेतच गेले. सकाळचा चहा न घेता गेले, एवढीच काय ती मामीची तक्रार.

"ताई, तेव्हा नाही जमलं, ठीक आहे. पण दहाव्याला तरी ये," श्रीकांत म्हणाला. "आणि येताना नाशिकचा चिवडा आण. तिखट."

"सुतकात चिवडा कोण खाणार?"

"नाना. पिंडाजवळ ठेवायचा ना! त्यांचा जीव त्याच्यात अडकला असेल तर? खाली-पिली रिस्क कशाला घ्यायची?"

कोलेस्टेरॉल वाढल्यापासून त्या घरात नानांसमोर चिवड्याचं नाव काढायची सोय नव्हती. जिवंतपणी पथ्य आणि मेल्यावर तिखट चिवडा, अशी आपल्याकडची आहारव्यवस्था आहे. मी परात नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघाले.

मानपूर

धुळं, सेंधव्याचा घाट वगैरे वर्णन करणार नाही. घाटात मी मोबाइल बघत होते. मध्ये एकदा अख्खी बस "नर्मदे हर" म्हणाली तेव्हा मान वर केली, नदी बघितली, हात जोडले आणि पुन्हा मोबाइल बघितला. कारण वाचत होते ते नदीपेक्षा गरजेचं होतं. इंदुरात कावळे मरून पडत होते. बागेत, शाळेच्या मैदानावर, कुणाच्या गच्चीवर. बर्ड फ्लू. पक्ष्यांचा आजार, माणसाला क्वचितच होतो. पण जो आजारी किंवा मेलेला पक्षी हाताळतो त्याला होऊ शकतो, आणि झाला तर डोळे, घसा आणि मग छाती धरतो. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, एवढी साधी सूचना होती. शाळेतल्या पोरालाही कळेल अशी.

जेवायला बस मानपूरच्या ढाब्यावर थांबली. भिंतीवरच्या पाटीत भुर्जी आणि आमलेटवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले होते.

"अंडा-वंडा बंद है बहनजी," ढाबेवाला म्हणाला. "कौवे मर रिये हैं इंदौर में."

"कौवे अंडा थोडे ही देते हैं तुम्हारे यहाँ?"

"अरे, बीमारी तो उड़ के आती है ना!"

माझ्या शेजारच्या सीटवर एक इंदूरकर गृहस्थ होते. बसमध्ये मला झोप येऊ नये याची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली होती. शेव-टमाट्याच्या भाजीत पोळी बुडवत ते म्हणाले, "अपने को क्या करना मॅडम! अपन तो शाकाहारी हैं." शाकाहार ही लस आहे, हे मला तिथं प्रथम कळलं. पुढच्या चार-पाच दिवसांत ते मी इतक्या तोंडून ऐकलं की, शहराच्या वेशीवर लसीकरणाऐवजी शाकाहाराचं प्रमाणपत्र का तपासत नाहीत याचं आश्चर्य वाटू लागलं.

राऊ आलं. मी पहिल्यांदा आले होते तेव्हा इथं शेतं होती आणि मग बऱ्याच वेळानं इंदूर यायचं. आता राऊलाच इंदूर सुरू होतं. श्रीकांत इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. त्या कॉलेजच्या हिरवळीवरही कावळे पडले होते, हे त्यानं मला नंतर सांगितलं. फारच नंतर.

जुनी इंदूर

श्रीकांतचं घर 'जुनी इंदूर' नावाच्या भागात एका बोळात आहे. रिक्षा बोळाच्या तोंडाशी थांबते आणि पुढं आपलं सामान आपण न्यायचं. बोळ इतका स्वच्छ होता की चपला काढून चालावं. सकाळी कचरागाडी गाणं म्हणत येते आणि बायका ओला-सुका वेगळा करून धावतात. मामी दुःखात होती, तरी निर्माल्य ओल्यात की वेगळ्या डब्यात, हे वर्षाला बजावायला विसरत नव्हती. वर्षा म्हणजे श्रीकांतची बायको.

सुतकाचं घर. घरात फोडणी नाही, तळण नाही, हळद नाही. पण बाहेरच्या पोह्यांना सूतक नसतं. सकाळी श्रीकांत कागदात बांधून पोहे-जिलबी घेऊन आला.

"घरात फोडणी चालत नाही ना?" मी विचारलं.

"ही कुठं घरातली आहे? ही तर चौकातली आहे. खाऊन घे ताई, ठंडे हो रिये हैं."

नाशिकला आम्ही पोहे कढईत परततो. इथं ते वाफेवर फुलवतात, त्यात बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा आणि जीरावण नावाचा एक आंबटतिखट मसाला. बरोबर जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी का, असं विचारू नये; इंदूरकर त्यावर अर्धा तास बोलतो आणि तेवढ्यात पोहे खरंच ठंडे होतात. चव उत्तम. हे मी निष्पक्षपणे लिहिते आहे, कारण पुढं त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहायचं आहे.

खाता खाता मी मुद्द्यावर आले. "कावळे मरतायत तुमच्याकडं. उद्या पिंडाला कावळा येणार कुठून?"

"मरून-बिरून काही नाही राहिले," श्रीकांत म्हणाला. "शहर स्वच्छ झालं ना, तर कावळ्यांना खायला नाही. म्हणून कमी झालेत. शहर सोडून चालले गेले."

"पेपरात बर्ड फ्लू आलाय."

"तो मुर्गीचा, ताई. अपने घरात कोण मुर्गी खातो?"

मामी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कावळा येईल. ह्यांनी जन्मभर कावळ्याला घास घातलाय. ह्यांना कोण कावळा नाही म्हणेल?"

मी आणखी एक जिलबी घेतली. दुःखातल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. बाकीच्यांशी घालावा.

घाट

नाशिकचा कावळा व्यावसायिक आहे. गोदाकाठी पान मांडायच्या आत तो रांगेत हजर असतो, आणि आपलं पान सोडून शेजारच्याच्या पानावरही बसून येतो. आमच्याकडं माणसं अतृप्त राहत नाहीत. कावळे राहू देत नाहीत. इंदूरच्या घाटावर मात्र सकाळपासून नुसतं ऊन पडलेलं होतं. बायकांनी घाटावर येऊ नये, असं दोन वडीलधाऱ्यांनी सुचवून पाहिलं, पण मामी ऐकेना, म्हणून आम्हीही गेलो.

श्रीकांतनं मुंडण केलं, पिंड मांडले. भोवती नानांच्या आवडीचे पदार्थ: कचोरी, शेव, जिलबी, गराडू, माझा चिवडा. गराडू हा तिकडं थंडीत मिळणारा तळलेला कंद. कावळा सोडा, मलाच झडप घालावीशी वाटत होती. गुरुजी घाईत होते. त्यांना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

कावळा आला नाही.

मग नेहमीचं सुरू झालं. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून एकेकानं पुढं होऊन ती पुरी करायचं वचन द्यायचं. श्रीकांत हात जोडून म्हणाला, "नाना, आईला सांभाळेन." कावळा नाही. "नाना, तुमची सायकल भंगारवाल्याला नाही देणार." नाही. वर्षा पुढं झाली. "नाना, तुमच्या खोलीत वॉशिंग मशीन ठेवणार नाही." ते तिथं आधीच ठेवलं होतं. श्रीकांतचे एक चुलतकाका म्हणाले, "अरे नाना, तुझा कॅरमबोर्ड माझ्याकडं आहे. परत देईन." सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. कुठल्याही कोर्टात झाले नसते इतके कबुलीजबाब अर्ध्या तासात झाले. आकाश स्वच्छ. इंदूरचं असतंच.

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. "शास्त्रात आहे. गवताचा कावळा करायचा आणि पिंडाला लावायचा. आजकल सगळेच करून राहिलेत."

वाक्य अगदी व्यवहारी होतं आणि मला एकदम पटलं. पण मामीनं पदर तोंडाला लावला. "गवताचा? माझ्या घरून असंतुष्ट गेले, असं म्हणतील बायका. इतकी वर्षं केलं ते सगळं मातीत."

आणि तेवढ्यात श्रीकांतला कावळा दिसला.

भिंतीच्या कडेला, कडुनिंबाखाली बसलेला होता. पंख जरासे पसरलेले, मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले. माणूस तसा बसलेला दिसला असता तर आम्ही पाणी मारलं असतं. मी ओरडले, "श्री, हात लावू नकोस!" पण मी गुडघे धरून उठेपर्यंत तो पोचला होता. त्यानं दोन्ही हातांनी कावळा उचलला. कावळ्यानं काही हरकत घेतली नाही. श्रीकांत त्याला छातीशी धरून आला आणि त्याची चोच पिंडाला टेकवली.

"शिवला!" कुणीतरी ओरडलं. "शिवला, शिवला!"

गुरुजींचा फोन नेमका त्याच वेळी वाजला होता, आणि ते पाठ फिरवून बोलत होते. वळून म्हणाले, "शिवला? उत्तम."

मराठीत शिवणं आणि शिववणं यांत एका 'व'चं अंतर आहे. बसणं-बसवणं, करणं-करवणं, तसं. घाटावरच्या माणसांनी ते एक अक्षर गिळलं, त्यावर जिलबी खाल्ली आणि मोकळी झाली.

श्रीकांतनं कावळा उडवला. तो उडाला नाही. भिंतीपाशी पडला आणि थोड्या वेळानं हलायचा थांबला. श्रीकांतचे डोळे भरून आले होते. ते त्यानं त्याच हातांनी, बोटं खुपसून खुपसून पुसले. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं आहे, त्यामुळं हे मला अगदी नको तितकं स्पष्ट दिसलं.

"साबणानं हात धू. आत्ता. कोपरापर्यंत. आणि डोळे पाण्यानं धू."

"ताई, गंगाजल लावलं ना मी."

"गंगाजलात साबण असतो का?"

"तू पण ना! नाशिकची होऊन असं बोलतेस!"

साबण मिळाला तोवर त्याचा चहा पिऊन झाला होता. आम्ही निघालो तेव्हा मामी मागं राहिली होती. भिंतीपाशी पाठमोरी बसली होती, थोडा वेळ. मी हाक मारली तशी उठून आली.

घरी आल्यावर मामीनं सगळ्यांना समोर बसवलं. "कावळा आपण होऊन आला आणि शिवला. कुणी विचारलं तर एवढंच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ती माझ्याकडं बघू लागली.

"मी होऊन कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "पण मला विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"तुला कोण विचारतंय!" मामी म्हणाली.

तेरावा

बाराव्याच्या सकाळी श्रीकांतचे डोळे लाल झाले. होमाचा धूर, असं घरच्यांचं निदान झालं. धुरानं डोळे दोन-तीन तासांत निवळतात. हे संध्याकाळी जास्तच लाल झाले. मी दुकानात असते तर त्याला बाकावर बसवून सरळ डॉक्टरकडं पाठवलं असतं. इथंही तेच सांगितलं. तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं जाऊन आला. "मौसम बदल रहा है," म्हणाले डॉक्टर. कावळ्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मोसमाला धरलं, यात त्यांचा काय दोष?

रात्रीपासून ताप चढला. सकाळी खोकला. पण तेराव्याला दाल-बाफले होते आणि यजमानानं पंगतीत फिरलं नाही तर पाहुण्यांना घास उतरत नाही. बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा. तो कुस्करून त्यावर तूप ओततात, आणि थांबा म्हटलं की आणखी ओततात. श्रीकांत तापानं फणफणलेला, हातात तुपाचं भांडं घेऊन "लो ना काका, लो ना" करत फिरत होता. मी त्याला मास्क लावायला लावला तर एक पाहुणे म्हणाले, "ये क्या भिया, फिर से कोविड?"

"नाही, डोळे आलेत," वर्षा म्हणाली. डोळे आले म्हणून तोंड झाकलेला इसम इंदुरात कुणालाच खटकला नाही.

पंगत उठली आणि श्रीकांत जिन्यावर खाली बसला. "ताई, चढवत नाही," म्हणाला. तीन पायऱ्या चढल्या होत्या. ओठ काळपट दिसत होते. मी रिक्षा बोलवायला माणूस पाठवला, वर्षाला म्हटलं पर्स घे, आणि मामीला म्हटलं, "मामी, आता त्या डॉक्टरला कावळ्याचं सांगावं लागेल."

"मुर्गीला झालेलं माणसाला होत नाही."

"मुर्गीचं कोण बोलतंय? कावळा होता."

"तो कावळा नव्हता," मामी म्हणाली आणि तीही आमच्याबरोबर रिक्षात बसली.

रुग्णालय

डॉक्टर तरुण होती, तिकडचीच, मालव्यातली. श्रीकांतला ऑक्सिजन लावून ती वर्षाकडं वळली.

"घर में मुर्गी-वुर्गी पाली है?"

"छी छी! हम लोग अंडा भी नहीं छूते."

"पोल्ट्री फार्म गए थे कहीं? चिकन की दुकान?"

"मॅडम, शुद्ध शाकाहारी हैं हम."

"तो पक्षियों से कोई संपर्क नहीं?"

वर्षानं मामीकडं बघितलं. श्रीकांतनं मास्कच्या वरून आईकडं बघितलं. लाल डोळे, पण विचारणारे. दहा वर्षांचं पोर शाळेची सहल मागताना जसं बघतं, तसं पन्नाशीचा माणूस श्वास घ्यायची परवानगी मागत होता. मामी भिंतीवरचं हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र वाचत होती.

"नहीं," वर्षा म्हणाली.

डॉक्टरनं सवयीनं माझ्याकडंही बघितलं. "आप?"

झालं. मला विचारलं होतं.

"कौवा पकड़ा था," मी म्हटलं. "दोनों हाथों से. दस्ताने नहीं थे. बीमार था, बाद में मर गया. फिर उन्हीं हाथों से आँखें मलीं."

डॉक्टरनं आधी स्वतःचा मास्क बदलला, मग विचारलं, "कौवा क्यों पकड़ा?"

हे मला हिंदीत सांगावं लागलं. पिंड, इच्छा, वचनं, कॅरमबोर्ड. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "श्राद्ध में कौवा तो हमारे यहाँ भी खाता है. पर वो खुद आता है."

"यहाँ लाया गया था."

"दिखा नहीं कि बीमार है?" तिनं श्रीकांतला विचारलं.

श्रीकांतनं मास्क जरा वर केला. "हमको लगा, थके हुए हैं."

त्यानंतर सगळं भराभर झालं. त्याला वेगळ्या खोलीत हलवलं. नाक-घशातून नमुने घेतले. ते बाहेरगावी जाणार होते. अहवालाची वाट न बघता औषध चालू केलं. "ये दवा जितनी जल्दी, उतनी अच्छी," डॉक्टर म्हणाली. "आपने आज बता दिया, ठीक किया." मामी शेजारीच उभी होती. तिनं त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं सोडलं.

पुन्हा जुनी इंदूर

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं बोळात आली. पांढरे पोशाख, चष्मे, दुहेरी हातमोजे. जी गोष्ट पाचजणांत ठेवायची होती, ती गॅलऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या सगळ्या जुन्या इंदुरानं बघितली. समोरचे पटेलजी ओरडून म्हणाले, "क्या हो गया भिया? नानाजी का कौवा पॉझिटिव्ह आ गया क्या?" म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. तसं ते सगळ्यांनाच माहीत होतं. घाटावर आम्ही काही एकटेच नव्हतो.

पथकानं विचारलं, "और किसने छुआ था कौवे को?"

"किसी ने नहीं," मामी म्हणाली.

"आपने?"

"मैं क्यों छूऊँगी?"

माणसाकडून माणसाला हा सहसा जात नाही, असं त्यांनी सांगितलं. तरी घाटावर असलेल्या सगळ्यांनी घरात राहायचं, रोज ताप बघायचा आणि काही वाटलं तर लगेच कळवायचं. मीही त्यांतच. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सोलाण्यांची उसळ केली होती. बरी झाली." एवढंच. त्याला आनंद झाला असावा असा मला संशय आहे.

गुरुजींचाही फोन आला. "माझं नाव कुठं घेतलं नाही ना? मी तर फोनवर होतो."

"तुम्ही फोनवर होतात हेच सांगितलं," मी म्हटलं. त्यावर ते आणखी घाबरले.

अबोला धरलेल्या बाईबरोबर घरात कोंडून राहणं हे पर्यटनस्थळांच्या यादीत सहसा नसतं, म्हणून थोडं वर्णन करते. मामी समोर बसलेली असली तरी वर्षाला सांगायची, "हिला विचार, चहा घेणार का." मी वर्षाला सांगायचे, "घेणार म्हणावं." वर्षा बिचारी मधल्या मध्ये दोनदा मान फिरवायची. एकदा ती आंघोळीला गेली होती तेव्हा आम्हा दोघींना चहाच मिळाला नाही. रोजचा ताप मी बघायचे. वर्षा थर्मामीटर घ्यायची, मामी घ्यायची नाही. "घर उघडं पाडणारीच्या हातचं औषध नको," हे तिनं देवाला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

श्रीकांतची बातमी रोज फोनवर यायची. दोन दिवस वाईट. छातीच्या फोटोत डाग होता. मी वर्षाला पिठलं-भात खायला लावायचे आणि ती खाता खाता रडायची, म्हणून पिठल्यात मीठ कमी घालायला लागले. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. चौथ्या दिवशी त्यानं स्वतः फोन केला आणि म्हणाला, "ताई, इथं पोह्यांत जीरावण नाही टाकत." तेव्हा मी ओळखलं, हा वाचला.

त्याच संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला. अहवाल आला होता. तोच होता, पक्ष्यांचाच. औषध वेळेवर सुरू झालं म्हणून निभावलं, असं ती म्हणाली, आणि घरात कुणाला खोकला-ताप आहे का असं पुन्हा विचारलं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मामी ऐकत होती. ती उठली आणि देवघरात जाऊन दार लोटून घेतलं. आतून खोकल्याचा आवाज आला. तोंडावर पदर दाबून खोकल्यावर येतो तसा. आधीही दोनदा आला होता आणि मी तो उदबत्तीचा म्हणून सोडून दिला होता. मी दाराबाहेरून म्हटलं, "मामी, ताप बघू दे." मग दार ठोठावलं. "हे बघ, श्रीचं खरं सांगितल्यामुळं तो वाचला. तुझ्या हट्टापायी तुला काही झालं तर मी त्याला काय सांगू?" आतून कडी लागली.

सकाळ

मामी आता ठणठणीत आहे, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच डोळे चोळत बसू नये. डोळे चोळण्याचे परिणाम वर दिलेच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, मास्क लावला, थर्मामीटर घेतला आणि मामीच्या पुढ्यात स्टूल ओढून बसले. बोलले काही नाही. दोघींनी बोलायचं नाही असं असेल तर तसं. ती खिडकीकडं बघत होती. गालफडं तापलेली दिसत होती. बऱ्याच वेळानं तिनं तोंड उघडलं. बोलायला नव्हे, थर्मामीटरसाठी. पण तोंडात तो असेपर्यंत तिला बोलता येईना, म्हणून अबोल्याला जरा वैद्यकीय कारण मिळालं आणि मला तिच्याकडं नीट बघता आलं. ती माझ्या आठवणीपेक्षा लहान झाली होती.

ताप होता. मी वर्षाला हाक मारली, मामीला मास्क बांधला, शाल दिली आणि रुग्णालयाला फोन करून गाडी मागवली.

डॉक्टर तीच होती. पुन्हा तेच प्रश्न तिनं न कंटाळता विचारले. खाँसी कब से, साँस कैसी है. मामी मानेनं उत्तरं देत होती. मग डॉक्टर म्हणाली, "माताजी, आपका पक्षी से कोई संपर्क हुआ था?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामीनं शालीतून हात बाहेर काढून मला थांबवलं.

"पीठ पे हाथ फेरा था," ती म्हणाली. "भींत के पास. थोड़ी देर. चाय का पूछा."

डॉक्टर थांबली. "पक्षी की पीठ पर?"

"पक्षी कहाँ, बेटा," मामी म्हणाली. "हमारे ये थे."

डॉक्टरनं कागदावर टेकवलेलं पेन तसंच धरून माझ्याकडं बघितलं.

"हाँ लिखिए," मी म्हटलं.